चाळीस टक्क्यांचा हंगाम

अपंगत्व कधी, कुणाला येईल याचा नेम नसतो. आमच्या बीड जिल्ह्यातल्या काही गुरुजींना मात्र ते नेमकं बदल्यांच्या तोंडावर येतं. बदलीच्या अर्जात ‘विशेष संवर्ग भाग 1’ असा एक रकाना असतो. त्यात नाव बसलं की अवघड क्षेत्रातली शाळा टळते, सोयीची पदरात पडते. स्वतः ठणठणीत असलात तरी चिंता नको, जोडीदाराचं किंवा लेकराचं अपंगत्वाचं प्रमाणपत्रही चालतं. त्यामुळे ऐन हंगामात कुणाचा कान जातो, कुणाचा गुडघा. तास घेताना दोन्ही ठीक असतात.

2023 च्या सुरुवातीला जिल्हा परिषदेनं या सवलतवाल्यांना फेरतपासणीसाठी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात धाडलं. गावात योगेश्वरी, शेजारी परळीचा वैद्यनाथ, मुलूखच जागृत. तिथं पाय ठेवताच अनेकांच्या कागदावरचे टक्के उतरले. 52 शिक्षक निलंबित झाले. देवस्थानांनी श्रेय घेतलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आता प्रमाणपत्राची दुसरी रांग बघा. आष्टी किंवा शिरूर कासारच्या टोकाच्या गावातला, खरोखर ऐकू न येणारा पोरगा. त्याला प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचा ठरलेला वार गाठायचा, सोबतीला बापाची मजुरी बुडवायची आणि खिडकीवर ऐकायचं की कानाची ‘बेरा’ तपासणी इथं होत नाही, मोठ्या दवाखान्यात जा. खिडकीवरचा माणूस हे त्याला ओरडून सांगतो, जणू आवाज वाढवला की मशीन येईल. चाळीस टक्के अपंगत्व लागलं तरच पुढचं सगळं: दिव्यांग कार्ड, महामंडळाचं कर्ज, भरतीतली राखीव जागा. एकोणचाळीसवर अडकला तर कायद्याच्या लेखी तो कुठलाही भार उचलू शकतो.

भार म्हटलं की इथं ऊसच. बीडचं सगळ्यात मोठं रोजगार कार्यालय म्हणजे ऊसतोडीचा मुकादम. त्याच्याकडे बोर्ड नाही, पोर्टल नाही. तो नवरा-बायकोच्या जोडीकडे नजर टाकतो आणि आगाऊ उचल ठरवतो. एकाचा हात अधू असेल तर कोयता अर्धा, उचल अर्धी, नाहीतर नकार. टक्केवारीत मुकादम सहसा चुकत नाही. सरकारी शिक्क्याची किंमत त्याला शून्य, म्हणून त्याच्याकडे बोगस अपंग एकही सापडणार नाही.

शिक्क्याला किंमत आहे ती सरकारी नोकरीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं तिथं दिव्यांगांना 4 टक्के जागा दिल्या. 1995 च्या कायद्यात 3 होत्या. भरली न गेलेली जागा पुढच्या भरतीत न्यायची, हेही नव्या कायद्यात आहे. त्याच्याच कलम 91 मध्ये खोटेपणानं लाभ लाटणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्याकडे मात्र निलंबन झालं की सगळ्यांना न्याय झाल्यासारखं वाटतं. घरी बसून निर्वाह भत्ता मिळतो, हे कुणी फारसं बोलत नाही.

2024 मध्ये प्रशिक्षणार्थी सनदी अधिकारी पूजा खेडकर यांच्या अपंगत्व प्रमाणपत्राचं प्रकरण गाजलं तेव्हा अवघ्या राज्याला प्रमाणपत्रांची आठवण झाली. 2025 मध्ये दिव्यांग कल्याण विभागाचे सचिव झालेले तुकाराम मुंढे (आमच्याच जिल्ह्याचे) यांनी जिल्हा परिषदांना कर्मचाऱ्यांची कार्डं तपासायला लावली. बरंच झालं. पण या तपासणीत कुबड्या घेऊन पुन्हा जिने चढतो तो खराच अपंग. वकील गाठून स्थगितीच्या मागे लागणाऱ्याचे पाय शाबूत असतात.

जिल्हा परिषदेला एकच विनंती. 4 टक्क्यांतल्या किती जागा भरल्या, कोणत्या प्रवर्गातल्या रिकाम्या आहेत आणि बोगस ठरलेल्यांनी अडवलेल्या सोयीच्या शाळा आता कुणाला दिल्या, याची यादी दर्शनी फलकावर लावा. आणि फलक तळमजल्यावर असू द्या.