एका सेमिस्टरचा सीनियर

स्टुटगार्टच्या विद्यापीठात एक्स्चेंजवर येणाऱ्या मराठी मुलाला आधी विमानतळ भेटतो, मग एस-बान आणि मग सीनियर. सीनियर म्हणजे वयाने मोठा असं मुळीच नाही. तो ऑक्टोबरात आला, तुम्ही एप्रिलमध्ये, एवढाच फरक. पण मधल्या एका हिवाळ्याच्या जोरावर तो जर्मनीविषयी ज्या अधिकाराने बोलतो, तसं बिस्मार्कलाही जमलं नसेल. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नसतं. नव्या पोरांच्या फोनमध्ये तो ‘सीनियर स्टुटगार्ट’ म्हणूनच सेव्ह केलेला असतो.

मी इथे बरीच वर्षं आहे आणि दर एप्रिलला नवा सीनियर पाहतो. माणूस बदलतो, जॅकेट बदलतं, प्रवचन तेच.

“हे बघ,” तो सुरुवात करतो, “आपल्याआपल्यात राहायचं नाही. मिक्स व्हायचं. नाहीतर इथे येऊन उपयोग काय?” हे तो वायहिंगेनच्या हॉस्टेलात, सामायिक स्वयंपाकघरात, पाच मराठी पोरांच्या घोळक्यात उभा राहून, हातात पोह्यांची बशी धरून सांगतो. पोहे त्यानेच केलेले असतात. फोडणी देताना दार बंद आणि खिडक्या सताड उघड्या, कारण छतावरचा धुराचा अलार्म मोहरीला ओळखतो.

मग मिक्स होण्याचे धडे. जर्मन माणसाला वाढदिवसाच्या शुभेच्छा एक दिवससुद्धा आधी द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात. (हे ज्ञान त्याला कसं झालं ते तो सांगत नाही, शेजारच्या खोलीतली जर्मन मुलगी सांगते.) केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा. आणि ग्लासाला ग्लास लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. याचा सराव तो चहाच्या कपांवर करून घेतो. कप पुढे येतात, पाच पोरं एकमेकांकडे डोळे वटारून बघतात, एकाला हसू फुटतं, चहा सांडतो. “हसायचं नाही,” सीनियर म्हणतो. “इथे हे सीरियस असतं.”

हॉटेलातल्या बिलाचं प्रकरण वेगळं. “इथे सगळं आपापलं,” असं तो आधीच बजावून ठेवतो. वेटर येतो, प्रत्येकाचा वेगळा हिशेब करून वेगळे पैसे घेतो. शेवटच्या माणसाचे पैसे घेऊन तो वळला की सीनियर मोठ्याने म्हणतो, “अरे, राहू द्यायचं होतं, मी दिले असते!” पोराने खिशात हात घातल्यावर हेच म्हणणारे काका आपल्याकडे प्रत्येक लग्नात असतात, त्यामुळे कुणाला वाईट वाटत नाही.

नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिथे पोरांना घेऊन जाणं हे सीनियरचं धर्मकार्य. त्याला जर्मनची तीन वाक्यं सफाईने येतात. त्यातलं तिसरं, ‘माझं जर्मन फारसं चांगलं नाही’, तो इतक्या शुद्ध उच्चारात बोलतो की खिडकीमागच्या बाई खूश होऊन दुप्पट वेगाने बोलू लागतात. मग सीनियर गंभीरपणे मान हलवतो. बाहेर आल्यावर पोरं विचारतात, काय म्हणाल्या? “काही नाही रे, नेहमीचंच.” नोंदणी मात्र झालेली असते.

आता खरी गोष्ट. धडे बाजूला ठेवले तर सीनियर स्वतः मिक्स झाला का? झाला, पण भलत्याच वाटेने. जर्मनीत रिकाम्या बाटलीला परतीचे पैसे मिळतात. प्लॅस्टिकची बाटली नि डबा यांना 25 सेंट, परत भरता येणाऱ्या बाटलीला 15, बिअरच्या काचेच्या बाटलीला बहुधा 8. हे दर त्याला पाढ्यांसारखे पाठ आहेत. पहिल्या महिन्यात तो हॉस्टेलच्या पार्ट्यांना जायचा, कोपऱ्यात सफरचंदाच्या रसात सोडा घालून प्यायचा आणि कुणाशी बोलायचं सुचलं नाही की रिकाम्या बाटल्या गोळा करायचा. त्यामुळे सगळ्यांत शेवटी निघणारा तोच. जर्मन पोरांना वाटलं, काय मिळूनमिसळून राहणारा मुलगा आहे! आवरायलाही थांबतो! पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या मजल्याचं आमंत्रण, त्यापुढच्या शुक्रवारी चौथ्याचं. त्यात भर म्हणजे स्वयंपाकघर साफ करण्याची दुसऱ्याची पाळीही तो परीक्षेच्या दिवसांत निमूट करून टाकायचा. स्टुटगार्ट हा श्वाबियन मुलूख. जिना झाडण्याची पाळी कोणत्या घराची हे दाराला पाटी अडकवून सांगणाऱ्या लोकांत याहून मोठं पुण्य नाही. फेब्रुवारीपर्यंत त्याला नावाने हाक मारणारे जर्मन आम्हा जुन्या रहिवाशांपेक्षा जास्त झाले होते. तेवढ्यांना त्याचं खरं नाव माहीत आहे.

पोरांना तो यातलं काहीच सांगत नाही. त्याच्या मते हे सगळं डोळ्यांत बघण्यामुळे झालं.

मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून जुळी शहरं आहेत म्हणतात. महापौरांनी काय साधलं ते महापौर जाणोत. माझ्या डोळ्यांदेखत या दोन मुलखांमध्ये जी काही ये-जा झाली ती पोह्यांच्या बशा आणि बाटल्यांच्या पिशव्या यांच्यामार्फत झाली, आणि ती करणारा हा वीस-एकवीस वर्षांचा पोरगा मला कुठल्याही शिष्टमंडळापेक्षा कामाचा वाटतो.

तेव्हा तुमचा मुलगा किंवा पुतणी येत्या मार्चअखेर इकडे निघणार असेल, तर सामानात भाकरवडीचं एक पाकीट जास्तीचं द्या, सीनियरसाठी. आणि मुलांना सांगा, काय विचारायचं ते लवकर विचारून घ्या. उन्हाळी सेमिस्टर 30 सप्टेंबरला संपतं, आणि 1 ऑक्टोबरपासून सीनियर तुम्हीच.