फुंकरराव

परवा ऑफिसात मोठ्या साहेबांसमोर प्रेझेंटेशन होतं आणि लॅपटॉपला पेनड्राइव्ह दिसेना. कोणी 'रिस्टार्ट करा' म्हणतंय, कोणी आयटीवाल्याला फोन लावतंय. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून फुंकरराव उठले, पेनड्राइव्ह उपसला, तोंडाजवळ नेला आणि डावीकडून उजवीकडे एक सणसणीत फुंकर मारली. परत खोचला. चालू! साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि आमचं पुढच्या वर्षभराचं नशीब फुटलं.

फुंकरराव तुमच्याही ओळखीचे असणारच. चाळिशी ओलांडलेले, केस मागे हटलेले, पोट पुढे आलेलं, आणि कोणाच्याही मोबाइलवर गेम दिसला की पाठीमागे उभं राहून 'ह्याला गेम म्हणतात होय?' असं विचारणारे. ह्यांचं बालपण टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर गेलं. निन्टेन्डोने 1983 साली जपानात फॅमिकॉम काढला. आपल्याकडे नव्वदीत घरोघरी आल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. कॅसेटवर छापलेलं असायचं '9999999 इन 1' आणि आत तेच पाच-सात गेम नावं बदलून फिरत असायचे. कॅसेट चालली नाही की पडद्यावर नुसता चौकोनांचा गोंधळ. मग ती काढायची, फुंकायची, परत घालायची.

बाकीची पिढी तिथेच थांबली. फुंकरराव थांबले नाहीत. ते सिमकार्ड फुंकतात, चार्जरची पिन फुंकतात, रिमोटचे सेल फुंकतात. दुकानात कार्ड चाललं नाही तर मशीनवाल्या पोराच्या हातातून कार्ड घेऊन फुंकतात. (खात्यात पैसे नव्हते. तरीही फुंकलं.) मेट्रोच्या गेटपाशी ह्यांनी कार्ड फुंकायला घेतलं की मागची रांग शेजारच्या गेटला सरकते. स्वतःच्या लग्नात होम धुमसत होता तेव्हा गुरुजी फुंकणी शोधत असताना नवरदेवाने वाकून एकच फुंकर घातली आणि ज्वाळा उठल्या. आयुष्यात ह्या माणसाची फुंकर योग्य जागी पडली ती तेवढी एकदाच.

मी त्यांना एकदा समजावून सांगितलं की फुंकरीने काहीही होत नसे. कॅसेट काढून परत घातली की पिना नीट टेकायच्या, एवढंच. उलट तोंडातल्या दमटपणाने पिना गंजतात म्हणून खुद्द निन्टेन्डोनेच फुंकू नका असं सांगून ठेवलंय. वारकऱ्याने नास्तिकाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय मारिओवर नेला.

मारिओ म्हटलं की त्यांना चढतं. "अख्खा गेम चाळीस केबीचा! तू रोज सकाळी सूर्य आणि गुलाब पाठवतोस ना ग्रुपवर, त्यात दोन मारिओ बसतील. ढग आणि झुडूप एकच चित्र, नुसता रंग बदललाय! ह्याला म्हणतात काटकसर. आणि आमच्या चिरंजीवांचा गेम? शंभर जीबी. परत दर महिन्याला अपडेट. गेम आहे की फ्लॅटचा मेंटेनन्स?"

इथपर्यंत ठीक. पण पुढचं वाक्य ठरलेलं: "आमच्या वेळी गेम कठीण असायचे. जिद्द लागायची."

जिद्द! ज्या माणसाला लग्नाचा वाढदिवस आठवत नाही, त्याला 'वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए' झोपेतून उठवलं तरी पाठ. कॉन्ट्रा सुरू व्हायच्या आधी हे दाबलं की तीनाच्या जागी तीस जीव मिळायचे. बरं, ही युक्ती मुळात काढली कोणी? कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतोने. 1986 साली 'ग्रेडियस' हा गेम घरच्या मशीनवर आणताना तपासणीसाठी त्याला तो पुरा खेळून बघायचा होता आणि तो त्याला झेपेना! म्हणजे करणाऱ्यालाच गेम झेपेना म्हणून निघालेल्या युक्तीवर हे पंचवीस जीव गमावून कॉन्ट्रा जिंकणार आणि वर मुलाला जिद्द शिकवणार.

मुलाने खेळातल्या बंदुकीला रंग विकत घेतला तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. "पैसे मोजून काय खेळायचं?" मी हळूच मुस्तफाची आठवण काढली. कॅपकॉमच्या 1993 सालच्या त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', पण पार्लरमध्ये त्या नावाने मागितला असता तर मालकाने बाहेर काढलं असतं. मुस्तफा मेला की पडद्यावर आकडे उलटे उतरायचे आणि तेवढ्यात फुंकरराव खिशातलं पुढचं नाणं आत सारायचे. दूध आणायला दिलेले पैसे डायनासॉरने खाल्ले, हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. ते गेम कठीण होते ते नाणी गिळायला. "तो भाग वेगळा," फुंकरराव म्हणाले.

त्यांचा खरा राग मात्र एकाच गोष्टीवर आहे. नवा गेम पॉज होत नाही. पब्जी काय, 2020 मधल्या बंदीनंतर आलेला बीजीएमआय काय, वहिनी आतून ओरडतात, "पानं वाढलीयेत," आणि चिरंजीव म्हणतात, "थांब गं, ऑनलाइन आहे." तिकडे आमटी निवते. त्यात संकष्टीच्या दिवशी पडद्यावर जिंकल्याचं 'चिकन डिनर' झळकलं, तेव्हा आजीने पोराला देवासमोर उभं केलं होतं. "स्टार्टचं बटण दाबलं की शत्रू, गोळी, सगळं हवेत थांबायचं," फुंकरराव सांगतात. "जेवा, अभ्यास करा, तासाभराने या. गोळी तिथेच."

हे बटणसुद्धा पहिल्या रिमोटलाच असायचं. दुसऱ्याला बहुतेक सेटमध्ये ते नसे, आणि दुसरा रिमोट कायम धाकट्या भावाकडे. तो आता मेलबर्नला असतो. "फुंकरीने काही होत नाही हे तेव्हाच कळलं होतं रे मला," ते एकदा जिन्यात अचानक म्हणाले. "पण तो रडायचा. त्याला काहीतरी काम द्यायला हवं ना. मी कॅसेट काढायचो, तो फुंकायचा."

भाऊ अजून फोनवर धबधबा काढतो. कॉन्ट्राचा तिसरा टप्पा. दोघांनी मिळून वर चढायचं. एक भराभर वर गेला की पडदाही वर सरकतो आणि खाली राहिलेला दुसरा मरतो. धाकटा दरवेळी खाली राहायचा.

आणि आता वहिनींकडून कळलेली बातमी. रात्री जेवणं झाल्यावर बापलेक एकत्र खेळतात. मुलाच्या टोळीत चौथा गडी कमी पडत होता. फुंकरराव विमानातून उडी मारतात, घराच्या छतावर अडकतात आणि दोन मिनिटांत गोळी खाऊन जमिनीवर सरपटू लागतात.

मी विचारलं तेव्हा आधी साफ नाकबूल गेले. मग म्हणाले, "काल मी पडलो. पोरगा पुढे गेला होता. तो मागे फिरला रे, गोळ्या चालू असताना! भिंतीआड बसून मला उठवलं त्याने. कॉन्ट्रात अशी सोयच नव्हती."

"धबधब्यावर थांबायची तरी होती की."

"वर 'एस' दिसत असायचा," ते म्हणाले. "पाच बाजूंनी गोळ्या सुटतात त्यातून. तो सोडून कोण थांबतो?"

थोडा वेळ लिफ्टचे आकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण बाकी गेम भिकार आहे हां. पॉजच होत नाही."