टाच थोडी उचलायलाच हवी

काकांच्या पाया पडायचं असेल तर ते घरात असताना पडावं. बाहेर, म्हणजे त्यांच्या पायात बूट असताना वाकलात, तर दोन्ही पाय झटकन मागे जातात आणि वरून आवाज येतो, "लांबूनच, लांबूनच! बोटांचे ठसे उठतात." आशीर्वाद मिळतो, अगदी भरभरून मिळतो, पण तोवर त्यांची नजर तुमच्या पायांवर पोचलेली असते. धूळ बसलेले, टाच मुडपून घातलेले तुमचे बूट ते क्षणभर बघतात आणि काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं, असं वाटतं.

काका मूळचे कराडचे. गेली तीसेक वर्षं ह्यूस्टनजवळ केटीला राहतात आणि पोटासाठी तेलाच्या पाइपांची गणितं करतात. गुराढोरांशी त्यांचा संबंध कराडच्या बेंदराबरोबर संपला. घोड्यावर ते दोनदा बसलेत, एकदा माथेरानला आणि एकदा स्वतःच्या वरातीत. तरी त्यांच्या कपाटात काउबॉय बुटांचे सात जोड आहेत. काकूंच्या हिशेबात पाच. उरलेले दोन 'सेलमध्ये जवळजवळ फुकट' मिळालेत आणि त्यांची ओळख करून द्यायची योग्य वेळ अजून आलेली नाही.

घोडा नाही तर हे बूट कशाला, असं त्यांना विचारू नये. विचारलंत तर आधी जेवून घ्यावं. कारण मग ते एक बूट हातात घेतात, तळहातावर बाळासारखा आडवा धरतात आणि सुरू होतात. टोक निमुळतं का? तर पाय रिकिबीत अचूक जावा म्हणून. टाच उंच आणि आत कललेली का? तर तोच पाय रिकिबीतून आरपार निसटू नये म्हणून. नाड्या का नाहीत? घोड्यानं फेकलं तर पाय बुटातून सुटावा, बूट रिकिबीत राहिला तरी चालेल, माणूस फरफटत जाऊ नये. वरची नळी पोटरीपर्यंत कशाला? काटे. टेक्ससच्या माळावर मेस्किट माजतं, आणि ते आपल्या वेड्या बाभळीचंच भावंड. नळीवरची ती नागमोडी शिवण नुसती शोभेची नाही. तिनं चामड्याला ताठरपणा येतो, नळी घोट्यावर गोळा होत नाही. एवढं सगळं सांगून झाल्यावर काका ते बूट चढवतात, टोयोटात बसतात आणि ऑफिसला जातात. रिकीब कधी समोर येईल सांगता येत नाही.

बूट चढवणं हा बघण्यासारखा प्रकार आहे. आधी बूट उलटा करून दोनदा आपटायचा. टेक्ससमध्ये पट्ट्यापट्ट्यांचे विंचू असतात, आणि त्यांना बूट फार आवडतात. हे शिक्षण मात्र काकांना इथे घ्यावं लागलं नाही. आजोळी चिपळूणला आजीनं वहाण झटकल्याशिवाय कधी पायात घालू दिली नव्हती. मग नळीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या धरून पाय आत सोडायचा, आणि टाच बसताना 'फट्' असा आवाज यायला हवा. तो नीट आला नाही तर काका बूट काढतात आणि पुन्हा घालतात. काकू तोवर गाडीत जाऊन बसलेल्या असतात.

काढणं त्याहून कठीण. त्यासाठी त्यांच्याकडे लोखंडी भुंगा आहे. एका पायानं तो दाबून धरायचा, दुसऱ्या पायाची टाच त्याच्या मिशांत अडकवायची आणि ओढायची. हा भुंगा गाडीच्या डिकीत कायम असतो, कारण मराठी माणसाच्या टेक्ससमधल्या आयुष्यात दर शनिवारी-रविवारी कुणाच्या तरी दारात पादत्राणं काढावी लागतात. गणपतीत लोक सपाता भिरकावून आत पळतात, काका भिंतीला हात टेकून भुंग्याशी झटत असतात. ते आत पोचतात तेव्हा बहुधा मंत्रपुष्पांजली चालू असते. बरं, बूट बाहेर ठेवायचा धीर होत नाही. तुळशीबागेतून आणलेल्या कापडी पिशवीत घालून ते आत आणतात आणि जेवणाच्या पंगतीला शेजारच्या खुर्चीवर ठेवतात. नवख्या यजमानीणबाई त्या पिशवीला प्रसाद समजून हात पुढे करतात.

विमानतळावर तर काकूंनी केव्हाच त्यांच्याशी ओळख दाखवणं सोडलं होतं. अमेरिकेत तपासणीला बूट उतरवायची सक्ती 2006 पासून जवळजवळ वीस वर्षं होती. मागे रांग खोळंबलेली, आणि काका बाकावर बसून पट्ट्या ओढताहेत. जुलै 2025 मध्ये सक्ती उठल्याची बातमी आली त्या संध्याकाळी घरात श्रीखंड होतं. आता बुटाच्या तळव्यातली पोलादी पट्टी यंत्राला खटकते ती कधीमधी, पण तेवढ्यावर काका खूष आहेत. "पट्टी आहे म्हणून वाजतं. वाजलं म्हणजे माल अस्सल," असं ते तपासणाऱ्यालाच समजावतात.

त्यांचा खरा दिवस रविवार. पोहे झाले की गॅरेजचं दार अर्धं उघडायचं, सतरंजी टाकायची, मोबाइलवर नाट्यसंगीत लावायचं. आधी घोड्याच्या केसांचा ब्रश, मग ओलसर फडकं. तळवा आणि वरचं चामडं जिथे शिवलेलं असतं त्या खाचेत टूथब्रश. हा ब्रश दातांवरून निवृत्त होऊन कंगवे साफ करून इथवर आलेला असतो. फडकं म्हणजे जुनं बनियन. काकांचं म्हणणं, दुकानातल्या मायक्रोफायबरपेक्षा दहा वर्षं धुतलेलं बनियन मऊ. मग बिक फोर नावाचं कंडिशनर, अगदी थोडं, बोटानं गोल गोल. मग थांबायचं. "घाई नको. जनावराचं चामडं आहे, त्याला पिऊ दे." हे 'पिऊ दे' ते अशा मायेनं म्हणतात, की काकूंना आपल्या दोन्ही मुलांची लहानपणं आठवतात आणि तेव्हा बाटली कोण धरायचं तेही आठवतं.

त्यांच्या वडिलांच्या कोल्हापुरी वहाणांना दर पावसाळ्याआधी एरंडेल चोपडलं जायचं. त्यामुळे भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा काकांना एरंडेलाचा सल्ला देतो. काका मान हलवतात. जाड कोल्हापुरीला ते मानवतं. पातळ वासरी चामडं तेलानं काळवंडतं, सैल पडतं. सापाच्या कातड्याला तर खवल्यांच्या उलट दिशेनं हात लावलेलाही त्यांना खपत नाही. शहामृगाच्या कातडीचा तो टपोऱ्या दाण्यांचा जोड ते वर्षातून चारदाच घालतात. तो घेण्यामागे काकूंना दिलेलं कारण असं, की निदान गाय तरी नाही.

ह्यूस्टनची हवा दमट, कपाटात बुटांना बुरशी धरते. म्हणून नव्या वस्तूंच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या ते वर्षानुवर्षं साठवत आलेत. इतरांच्या घरी पार्सल फोडलं जात असेल तर काका सहज म्हणून स्वयंपाकघरात डोकावतात. बुटात भरायला कागद लागतो, आणि त्यावरून या घरात जुनं भांडण आहे. कागद म्हणजे सरस्वती, तो पायातल्या वस्तूत कोंबायचा नाही, हे काकूंचं मत. शेवटी तह झाला. फराळाच्या डब्यांभोवती गुंडाळून जे मराठी वर्तमानपत्र येतं, त्यातली फक्त जाहिरातींची पानं वापरायची. "त्यात विद्या नसते," हे काकांचं कलम काकूंनी मान्य केलंय. तेव्हापासून टेक्ससच्या बुटांच्या पोटात पिंपरी-चिंचवडचे टू बीएचके असतात.

दर वर्षी ह्यूस्टनच्या मोठ्या रोडिओआधी एक शुक्रवार येतो, 'गो टेक्सन डे'. त्या दिवशी शाळेत, ऑफिसात सगळे काउबॉय होऊन जातात. नव्यानं आलेली मराठी पोरं आदल्या आठवड्यात काकांना फोन करतात आणि काका त्यांना दुकानात नेतात. वाटेत बूट बनवणाऱ्यांचा इतिहास. 1879 मध्ये स्पॅनिश फोर्ट नावाच्या गावात जस्टिन. 1883 मध्ये सॅन अँटोनियोत सिसिलीहून आलेले लुकेसी बंधू. 1911 मध्ये एल पासोत टोनी लामा, आधी लष्करातला चांभार. इथे कुणी तरी 'लामा म्हणजे तिबेटचा का?' असं विचारतंच, आणि काका गाडीचा वेग कमी करतात. दुकानात त्यांचा अंगठा पोराच्या चवड्यावर, मग पायाच्या कमानीवर. "आपले पंजे रुंद. अनवाणी वाढलेले पाय ते. डी नको, दोन ई बघ." पोरगं चालतं, म्हणतं काका टाच उचलतेय, मोठा आहे. काका खूष. "थोडी उचलायलाच हवी. सोल वाकायला लागला की बसते." लहानपणी वाढत्या अंगाचे म्हणून दोन नंबर मोठे बूट कापूस कोंबून घातलेला हा माणूस आता पाव इंचाबद्दल तासभर बोलतो.

त्यांची थट्टा करायला मला आवडतं, पण ऑगस्ट 2017 नंतर जरा जपून करतो. हार्वे वादळाचं पाणी त्यांच्या गॅरेजच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं. काकांनी वर काय नेलं? पासपोर्ट काकूंनी नेले. काकांनी बूट नेले. गल्लीच्या उताराकडच्या घरांत मात्र पाणी शिरलं. ते ओसरल्यावर काका रबरी स्लिपर घालून लोकांचे गालिचे ओढायला गेले. तिथे एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं चिखलानं भरलेला एक जोड कचऱ्याच्या ढिगावर ठेवलेला दिसला. हा माणूस तरुणपणी खरोखर गुरं हाकलेला. बूट त्याच्या वडिलांचे. काकांनी विचारलं, "मी बघू का?" आणि घरी आणले. चिखल स्वच्छ पाण्यानं धुतला, मग खोगिराचा साबण. हीटर नाही, ऊन नाही, केस वाळवायचं यंत्र तर नाहीच. पंख्याखाली सावलीत, दिवसातून दोनदा जाहिराती बदलत. महिनाभरानं मोच्याकडून नवा तळवा बसवून बूट परत दिले. नळीवर पाण्याची रेघ राहिली होती, तिच्याबद्दल काकांनी माफी मागितली. त्या वर्षी गल्लीत बातमी पसरली आणि त्यांच्या गॅरेजमध्ये दिवाळीपर्यंत परक्यांचे बूट वाळत होते. काकूंनी एकदाही मोजले नाहीत.

तो म्हातारा अजून रविवारी खुर्ची घेऊन येतो. काका त्याला रिकीब कशी असते ते समजावतात आणि तो मुकाट्यानं ऐकून घेतो.

मार्चमध्ये रोडिओच्या दिवसांत तुमचं तिकडे जाणं होणार असेल, तर एक सांगतो. एरंडेल नेऊ नका. बाकरवडी न्या, आणि ती जाहिरातींच्या पानांत गुंडाळा, जितकी जास्त पानं तितकं बरं. आणि निघण्याआधी स्वतःच्या बुटांना जरा ब्रश मारा. ते बोलणार नाहीत काही, पण बघतील.