सहीवर शिक्का

१९४३ साली तेव्हाच्या सातारा जिल्ह्यानं (आजच्या सांगलीचा मोठा भाग त्यातच होता) इंग्रजांच्या सही-शिक्क्याला भीक न घालता प्रतिसरकार चालवलं. त्याच मुलखात आज पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढावा, तर खिडकीपलीकडून प्रश्न येतो, ‘तलाठ्याचा शिक्का कुठाय?’ शिक्क्याची गरज नाही, असं उताऱ्यावरच छापलेलं असतं. पण ते वाचावं लागतं; शिक्का लांबूनही दिसतो. इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता देणारा कायदा २००० सालचा. एवढ्यात कसा पोचणार?

गंमत म्हणजे ही सही कागदावर नसतेच. ती फाइलमध्ये असते. मजकुराचं गणिती सार काढून त्यावर खासगी किल्ली चालवलेली असते. गट नंबरातला एक आकडा बदलला तरी पडताळणी फसते. आपण तिची प्रिंट काढतो, म्हणजे सही घरी ठेवून तिचा फोटो मिरवतो. प्रिंटवर पडताळणी क्रमांक असतो, पण तो कोण टाकून बघणार? त्यापेक्षा झेरॉक्स काढा, वर ‘खरी प्रत’ मारा.

आणि ती किल्ली? यूएसबी टोकनात, टोकन ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पासवर्ड अख्ख्या कचेरीला पाठ. साहेब फिरतीवर जतला असले, तरी सही जागेवर हजर.