संदर्भ : चंदनापुरी घाट

प्रति,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे.

विषय : माहिती तंत्रज्ञानाच्या वापराने आधुनिक झाल्याबद्दल मंडळाचे अभिनंदन.

संदर्भ : चंदनापुरी घाट, दि. २३ फेब्रुवारी २०२२.

मंडळ महोदय,

अभिनंदनाच्या पत्राला घाटाचा संदर्भ कशाला, असे कार्यालयात कुणीतरी विचारेलच. म्हणून आधी खुलासा. त्या दिवशी मध्य प्रदेशातून पुण्याकडे निघालेला टेम्पो संगमनेरजवळच्या या घाटात पेटला. आत बारावीच्या प्रश्नपत्रिका होत्या. ५ आणि ७ मार्चचे पेपर मग ५ आणि ७ एप्रिलला घ्यावे लागले. ज्या काळात भाजीवाल्याचे पैसे फोनवरून जातात, त्या काळात राज्यातल्या लाखो मुलांचे वेळापत्रक एका टेम्पोच्या तब्येतीवर ठरले. तंत्रज्ञानावर मंडळाचा आंधळा विश्वास नाही, याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

अर्थात मंडळ मागे राहिले, असे कुणी म्हणू नये. व्हॉट्सॲपवरच्या पेपरफुटीने हैराण झाल्यावर २०२३ मध्ये परीक्षेआधी दहा मिनिटे पेपर वाटण्याची पद्धत बंद झाली. ती दहा मिनिटे शेवटी जोडून दिली गेली. प्रश्नपत्रिका नेणाऱ्या सहायक परिरक्षकाला, म्हणजे शाळेच्या भाषेत रनरला, मोबाईलचे जीपीएस चालू ठेवायचे आणि पाकीट ताब्यात घेतल्यापासून चित्रीकरण करायचे, असा हुकूम निघाला. एका हातात गठ्ठा, दुसऱ्या हातात मोबाईल, डोळा बॅटरीच्या टक्क्यांवर : आधुनिक परीक्षा यंत्रणेचे शिल्प उभारायचे झाले, तर ते या मास्तरांचे असावे. एवढे करूनही त्याच वर्षी मार्चमध्ये बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाकडे गणिताचा पेपर फुटलाच. कॅमेरा पाकिटावर रोखलेला असतो. पाकीट उघडल्यानंतर खिशातून निघणाऱ्या दुसऱ्या मोबाईलवर नाही.

त्याच वर्षी बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात प्रश्नांच्या जागी परीक्षकांसाठीच्या उत्तरांच्या सूचना छापून आल्या. ६ गुण वाटावे लागले. इथे मात्र पेपर फोडायला कुणा टोळीची गरज पडली नाही, मंडळ स्वयंपूर्ण निघाले.

निकालाची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. १६ जुलै २०२१, दुपारी १ वाजता दहावीचा निकाल. करोनामुळे परीक्षाच झालेली नव्हती. नववीचे गुण आणि अंतर्गत मूल्यमापन यांवरून ९९.९५ टक्के उत्तीर्ण ठरले होते. म्हणजे पास होणार हे घरच्या मांजरालाही ठाऊक होते. तरी सुमारे १६ लाख मुले टक्के पाहायला एकाच वेळी आली आणि संकेतस्थळ कोसळले. मुले आणि पालक कित्येक तास रिकाम्या पडद्यावर बोट दाबत बसले. वेळ मंडळानेच जाहीर केलेली, मुलांची संख्याही मंडळाच्याच दप्तरात.

जानेवारी २०२५ मध्ये संगणकाने आणखी एक कामगिरी केली. बारावीच्या हॉल तिकिटावर विद्यार्थ्याचा जातप्रवर्ग छापून आला. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली चूक वेळेत लक्षात यावी, असा हेतू सांगण्यात आला. टीका झाली, तिकिटे मागे घेतली गेली, नवी काढून देण्यात आली. एक रकाना वाढवणे हे संगणकाला एका कळीचे काम आहे. तो कशाला वाढवायचा, हा प्रश्न संगणक विचारत नाही. तो विचारायला माणूस लागतो, आणि तो त्या दिवशी बहुधा रजेवर असावा.

आता खरे गाऱ्हाणे. मंडळाचे तंत्रज्ञान रनरवर डोळा ठेवते आणि मुलाची माहिती गोळा करते. उत्तरपत्रिकेवर बारकोडही चिकटतो. पण पेपर देऊन मूल बाहेर पडले, की पुढे त्या कागदाचे काय होते हे त्याला दिसत नाही. परीक्षक, नियामक, मुख्य नियामक असा प्रवास करून एक आकडा परत येतो. आकडा पटला नाही तर पैसे भरून छायाप्रत मागायची, मग पुन्हा पैसे भरून पुनर्मूल्यांकन. तोवर प्रवेशाच्या याद्या लागू लागतात.

उत्तरपत्रिका आधीच स्कॅन केल्या, तर छायाप्रत निकालाबरोबरच देता येईल, हे मंडळाला ठाऊक नसेल असे नाही. पण हा विषय काढला की डोळ्यांसमोर मुंबई विद्यापीठाचे कालिना संकुल येते. २०१७ मध्ये या विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायला घेतल्या. उन्हाळी परीक्षा तोंडावर असताना घाईने घेतलेला निर्णय, नव्या पद्धतीला न सरावलेले प्राध्यापक, स्कॅनिंगचा गोंधळ. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले आणि २४ ऑक्टोबरला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठात कुलगुरूंची अशी गच्छंती पहिलीच.

या प्रकरणात सगळ्यांनी पडद्याला दोष दिला. दोष मुहूर्ताचा होता. एका विषयावर, एका विभागात, दोन वर्षे रंगीत तालीम करून मग राज्यभर न्यायची गोष्ट विद्यापीठाने एका उन्हाळ्यात उरकायला घेतली. मंडळाकडे तर नऊ विभाग आहेत. रत्नागिरीतल्या कोकण विभागाने एखाद्या भाषा विषयापासून सुरुवात करावी. तिथे विद्यार्थी सगळ्यात कमी, चूक झाली तरी सावरता येईल.

तेवढे झाले, तर प्रश्नपत्रिका आणखी काही वर्षे टेम्पोने आल्या तरी या पत्रलेखकाची हरकत नाही.

उत्तर पाठवायचे असल्यास साध्या टपालाने पाठवावे. संकेतस्थळावर टाकायचे झाल्यास दुपारी १ ची वेळ टाळावी, ही विनंती.

आपला,
एक माजी परीक्षार्थी