शंकेचं टोकन

जयपूरच्या गोपालपुरा बायपासवर रिक्षा वळली आणि वाटलं, निवडणूक लागली की काय! दोन्ही बाजूंना फ्लेक्स, फ्लेक्सवर हसरे चेहरे, चेहऱ्यांखाली आकडे. उमेदवार मात्र सतरा-अठरा वर्षांचे आणि आकडे रँकचे.

माझा भाचा लातूरचा. लातूर सोडून शिकवणीला जयपूर गाठायचं म्हणजे कोल्हापूरकराने तांबड्या रश्शासाठी इंदूरला जाणं. पण रिपीटर पोराची जागा बदलली की नशीब बदलतं, असं ताईचं मत. त्याच्या क्लासात शंकांची खिडकी आहे. टोकन घ्यायचं, नंबर आला की शंका पुढे सरकवायची. शंका चालू चॅप्टरमधलीच हवी. बँकेत निदान फाटकी नोट तरी बदलून देतात.

रविवारी त्याला जंतरमंतर वेधशाळेत नेलं. तीनशे वर्षांपूर्वी या शहरातही एक खासगी शिकवणी होती. विद्यार्थी महाराजा सवाई जयसिंग, गुरुजी जगन्नाथ सम्राट. हे महाराष्ट्रीय ब्राह्मण. आले होते वेद शिकवायला, असं सांगतात. शिष्याला हवं होतं आकाश आणि त्याची बुकं अरबीत. आजचे सर म्हणाले असते, "बेटा, ये नहीं पूछेंगे." गुरुजी स्वतः अरबी-फारसी शिकायला बसले. युक्लिडची भूमिती 'रेखागणित' म्हणून संस्कृतात आणली, टॉलेमीवर १७३२ मध्ये 'सम्राट्सिद्धान्त' दिला.

शिष्याची शंका साधी होती: कोष्टकात लिहिलेला ग्रह आकाशात त्या जागी का नसतो? खिडकी नव्हती, म्हणून दिल्ली, जयपूर, मथुरा, उज्जैन, काशी अशा पाच वेधशाळा बांधाव्या लागल्या. पोर्तुगालहून ला हीर या फ्रेंचाची ताजी कोष्टकं मागवली, तर त्यातही चंद्र अर्ध्या अंशाने सरकलेला. असला चिवट विद्यार्थी आज कुठल्याच बॅचला परवडायचा नाही.

सम्राट यंत्र या २७ मीटर उंच सूर्यघड्याळापाशी गाइड म्हणाला, सावली सेकंदाला एक मिलिमीटर सरकते. भाच्याच्या डोक्यात लगेच 'नीट' परीक्षा. १८० मिनिटं, १८० प्रश्न. "म्हणजे मामा, एका प्रश्नाला सहा सेंटिमीटर!" गाइडने त्याच्याकडे दयेने पाहिलं.

मग पोरगं वाकून त्या संगमरवरी कडेकडे बघत राहिलं. "हे दोन सेकंदांपर्यंत वेळ दाखवतं म्हणतात, पण सावलीची कडच धूसर आहे. नेमकं मोजायचं कुठून?"

झकास शंका! मला उत्तर येईना. त्याने फोटो काढून क्लासच्या ग्रुपवर टाकला.

दोन मिनिटांत उत्तर आलं : 'चॅप्टर नंबर?'

सावली तोवर बारा सेंटिमीटर पुढे गेली होती.