शांत गाव पाहिजे, रेंजसकट

सलग तीन दिवस सुट्टी आली की आमच्या पुण्याच्या सोसायटीला शांततेची तहान लागते. अलिबाग आधीच बाद. २०२० मध्ये मांडव्याला रो-रो सुरू झाल्यापासून मुंबईकर गाडीसकट बोटीतून उतरतो. काशीद, दिवेआगर? तिथे सगळेच जातात. सगळे म्हणजे आपण सोडून उरलेले. मग कुणाचा तरी मेहुणा आंजर्ल्याचं नाव पुरवतो, 'अजून कुणाला ठाऊक नाही' या शेऱ्यासह. ताम्हिणी घाटात पुढच्या गाडीचा बंपर तासभर न्याहाळला की कळतं, मेहुणे सगळ्यांनाच असतात.

खोली देणाऱ्या काकू अंगणात रातांब्याची सालं उन्हात पसरत होत्या.

"इथे बघायला काय काय आहे, काकू?"

"समुद्र," म्हणाल्या आणि पुढचं साल पसरलं.

शांतता इतकी अस्सल, की चारच्या चहापर्यंत कुणाला करमेना. एकाने डिक्कीतून स्पीकर काढला. शांततेत त्याचा आवाज फार सुरेख लागतो म्हणे. दुसरा फोन उंच धरून माडामाडाखाली रेंज शोधत फिरला. शेवटी गाड्या काढून हर्णै गाठलं. मासळीचा लिलाव, बर्फाच्या पाट्या, पायाखाली चिखल आणि कानठळ्या बसवणारी बोली. मंडळींचे चेहरे तिथे पहिल्यांदा खुलले. सुरमईसाठी घासाघीस करताना तर आमच्या सेक्रेटरींचा आवाज कोळणीच्याही वर गेला.

परतताना ठरलं, पुढच्या वेळी वेळास. तिथे म्हणे अजून फक्त कासवंच जातात.